टेंडर मागच्या पानापासून वाचा : खानदेशातल्या छोट्या कारखानदारासाठी सरकारी पुरवठ्याची वाट

पहिली सरकारी ऑर्डर मिळाली त्या दिवशी मी कारखान्यात पेढे वाटले. त्या ऑर्डरचे पैसे आले तोवर पेढेवाल्याने दुकानच दुसऱ्या गल्लीत हलवलं होतं.

जळगावच्या एमआयडीसीत माझं स्टील फर्निचरचं काम आहे. दुमजली कॉट, शाळेचे बाक, रॅक, कपाटं. निम्मा धंदा खाजगी, निम्मा सरकारी. नवीन मुलं विचारायला येतात, "दादा, टेंडर कसं भरायचं?" भरणं चार दिवसांत शिकता येतं. कुठलं भरायचं, कुठलं सोडायचं, आणि माल देऊन झाल्यावर पैसा कसा काढायचा, हे शिकायला मला सहा-सात वर्षं लागली. म्हणून हा लेख जरा उलट्या बाजूने लिहिलाय.

गिऱ्हाईक कोण, हे आधी बघा

आपल्या जळगाव, धुळे, नंदुरबार या तीन जिल्ह्यांत सरकार नावाचं गिऱ्हाईक एक नाही. भुसावळला मध्य रेल्वेचा विभाग आहे. भुसावळ आणि वरणगावला आयुध निर्माणी आहेत. २०२१च्या ऑक्टोबरपासून त्या जुन्या आयुध निर्माणी बोर्डाच्या राहिल्या नाहीत. भुसावळची यंत्र इंडियाकडे गेली, वरणगावची म्युनिशन्स इंडियाकडे, म्हणजे आता त्या केंद्र सरकारच्या कंपन्या. दीपनगरचं वीज केंद्र महानिर्मितीचं, म्हणजे राज्याच्या कंपनीचं. शिवाय तीन जिल्हा परिषदा, जळगाव-धुळ्याच्या महापालिका, नगरपालिका, सरकारी मेडिकल कॉलेजं, विद्यापीठ, आणि यावल, धुळे, नंदुरबार, तळोदा इथली आदिवासी विकासची प्रकल्प कार्यालयं. नंदुरबारच्या बाजूला आश्रमशाळा आणि वसतिगृहं इतकी आहेत की कॉट, गादी, चटई, भांडी, स्वेटर करणाऱ्याला तिकडे दुर्लक्ष करून चालत नाही.

प्रत्येकाची खरेदीची जागा वेगळी. रेल्वेचा स्वतःचा पोर्टल आहे, आयआरईपीएस. केंद्राची बाकी कार्यालयं २०१६ साली सुरू झालेल्या जेमवरून, म्हणजे केंद्राच्या ऑनलाइन खरेदी बाजारातून, घेतात. जे जेमवर मिळतं ते तिथूनच घ्यायचं, असं केंद्राच्या वित्तीय नियमांत आहे. राज्याची कार्यालयं आणि स्थानिक संस्था महाटेंडर्स या राज्याच्या पोर्टलवर निविदा काढतात, आणि जेमवरूनही घेतात. राज्याच्या खरेदीची नियमपुस्तिका १ डिसेंबर २०१६च्या शासन निर्णयाने आलेली आहे. ती एकदा शांतपणे वाचा. मराठीत आहे, आणि कार्यालयात बोलताना समोरच्याला कळतं की याने वाचलंय.

माझा सल्ला असा, की पहिल्या वर्षी एकच प्रकारचं गिऱ्हाईक धरा. सगळीकडे एकदम हात मारला की बयाणा रक्कम, म्हणजे टेंडर भरताना ठेवायची अनामत, चार ठिकाणी अडकते आणि कच्च्या मालाला पैसे उरत नाहीत.

एक गोष्ट इथेच सांगून टाकतो. छोट्या रकमेच्या खरेदीत तीन कोटेशनं लागतात, आणि कुणीतरी ओळखीचा म्हणतो, "भाऊ, तुमच्या लेटरहेडवर एक सपोर्ट कोटेशन द्या ना." म्हणजे नुसती संख्या भरायला चढ्या रेटचा कागद. देऊ नका. टेंडरमध्ये आपसात रेट ठरवून भरणं २००२च्या स्पर्धा कायद्यात बसत नाही, आणि उद्या चौकशी लागली तर तुमच्या सहीचा कागद तुमच्याच गळ्यात येतो. मैत्री चहापुरती ठेवा.

कागदांची पिशवी

उद्यम, म्हणजे केंद्राकडची सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योगांची नोंदणी, सगळ्यात आधी. १ जुलै २०२० पासून हीच नोंदणी चालते आणि ती पूर्णपणे मोफत आहे. सरकारी वाटावीत अशी नावं घेऊन फी मागणाऱ्या साइट्स बऱ्याच आहेत. पैसे मागितले की समजा, चुकीच्या दारात आलात.

उद्यम भरताना एक चूक खूप जण करतात. स्वतः बनवतात, पण नोंदणीत 'व्यापार' टाकतात. व्यापाऱ्याला उद्यम मिळतं, मात्र त्याचा उपयोग बँकेच्या प्राधान्य कर्जापुरता. उत्पादकाला आणि सेवा देणाऱ्याला ज्या सवलती आहेत, त्या व्यापाऱ्याला लागू नाहीत. आणि सवलती लहान नाहीत. केंद्राच्या २०१२च्या खरेदी धोरणात सूक्ष्म आणि लघु उद्योगांना टेंडर फॉर्म फुकट आणि बयाणा रकमेतून सूट आहे. तुमचा रेट सर्वात कमी रेटच्या १५ टक्क्यांच्या आत असेल, तर त्या रेटला उतरून ऑर्डरचा काही भाग घेण्याची संधीही मिळते. केंद्राच्या खात्यांनी आणि कंपन्यांनी वर्षाच्या खरेदीतला २५ टक्के माल अशा उद्योगांकडून घ्यायचा असतो. त्यात ४ टक्के अनुसूचित जाती-जमातीच्या उद्योजकांसाठी आणि ३ टक्के महिलांसाठी. घरात उद्योग बायकोच्या किंवा बहिणीच्या नावावर खरंच चालत असेल, तर नोंदणीतही तसंच दिसू द्या. फक्त लक्षात ठेवा, हे धोरण केंद्राचं. राज्याच्या टेंडरमध्ये काय सूट आहे ते त्या-त्या टेंडरच्या अटींत वाचायचं, गृहीत धरायचं नाही.

बाकीचे कागद ओळखीचे आहेत : पॅन, जीएसटी, तीन वर्षांची आयकर विवरणपत्रं, सीएचा उलाढालीचा दाखला. या दाखल्यावर यूडीआयएन, म्हणजे दाखला खरा असल्याचं तपासता येणारा नंबर, आहे ना, ते बघून घ्या. नसेल तर तो कागद बाद. डिजिटल सही क्लास ३ची घ्यायची, सही आणि एन्क्रिप्शन दोन्ही असलेली. तिची मुदत संपली आणि नवीन घेतली की पोर्टलवर ती पुन्हा जोडावी लागते. टेंडरच्या शेवटच्या दिवशी हे लक्षात आलेला माणूस मी आरशात पाहिलेला आहे.

नाव सगळीकडे सारखं हवं. माझ्या जीएसटीवर 'इंडस्ट्रीज' होतं, बँकेत 'इंडस्ट्री'. एका 's'पायी जेमवर बँक खातं जुळेना. बँकेत तीन चकरा झाल्या.

मालाचे कागद वेगळे. आयएसआय मार्क लागणारी वस्तू असेल तर बीआयएसचा (भारतीय मानक ब्युरोचा) परवाना, नसेल तर एनएबीएल या राष्ट्रीय संस्थेची मान्यता असलेल्या लॅबचा चाचणी अहवाल. हा अहवाल यायला वेळ लागतो, म्हणून टेंडर निघायची वाट न बघता आपल्या मुख्य मालाचा आधीच करून ठेवा.

आता टेंडर मागून वाचा

माणूस टेंडर उघडतो आणि पहिल्यांदा अंदाजित रक्कम बघतो. मी पण बघायचो. आता मी उलट्या क्रमाने जातो.

आधी पैसे देण्याची अट. "निधी उपलब्धतेनुसार देयक अदा करण्यात येईल" असं वाक्य दिसलं की तिथे पेन्सिलने गोल करतो. याचा साधा अर्थ, अनुदान आलं तर पैसे. मग कार्यालयात जाऊन विचारतो की हा खर्च कुठल्या योजनेतून आणि प्रशासकीय मान्यता झाली का. हे विचारायला लाजू नका. चांगला लिपिक सरळ सांगतो.

दुसरं, दंड. जेमवर उशिरा पोचलेल्या मालाच्या किमतीवर दर आठवड्याला अर्धा टक्का, जास्तीत जास्त १० टक्के, असा दंड सर्रास असतो. आठवड्याचा एक दिवस उलटला तरी पूर्ण आठवडा धरतात.

तिसरं, माल कुठे पोचवायचा. ही ओळ बहुतेक जण वरवर वाचतात, आणि खानदेशात तीच सगळ्यात महाग पडते. 'तालुका अक्राणी' असं दोन शब्दांत लिहिलेलं असतं. प्रत्यक्षात शहादा सोडलं की सातपुड्याचा घाट लागतो. मी पहिल्या खेपेला दहा चाकी ट्रक पाठवला होता. पावसाळ्याचे दिवस होते. संध्याकाळी ड्रायव्हरचा फोन आला, "भाऊ, आठेन पुढे गाडी जावाव नही." रात्रभर ट्रक रस्त्याकडेला उभा. सकाळी तीन पिकअप केल्या, माल हलवला, पावडर कोटिंगवर ओरखडे पडले. शाळेवर पोचलो तर मुख्याध्यापक मीटिंगला गेलेले, आणि शिक्का त्यांच्या कपाटात. चलनावर शिक्का मिळायला आणखी दोन दिवस गेले. त्या ऑर्डरचा सगळा नफा त्या घाटात सांडला.

तेव्हापासून पोचवायच्या ठिकाणांची यादी घेऊन मी आधी गाडीवाल्याकडे जातो, मगच कॅल्क्युलेटर काढतो.

चौथं, पात्रता. उलाढाल, तशाच कामाचा अनुभव. नवीन माणूस इथे अडतो. जेमच्या बिडमध्ये सूक्ष्म-लघु उद्योगांना अनुभव आणि उलाढालीतून सूट आहे की नाही, हे 'हो-नाही' असं छापलेलं असतं. 'नाही' असेल तर वेळ घालवू नका.

आणि शेवटी तपशीलपत्र. पत्रा किती गेजचा, पाइप किती मिलिमीटर, कोटिंग किती मायक्रॉन. १८ गेज म्हणजे साधारण १.२ मिलिमीटर, २० गेज म्हणजे ०.९. एका कॉटमागे हा फरक मोठा आहे. कुणीतरी तुमच्यापेक्षा फार कमी रेट भरून जातो, तेव्हा बहुतेक वेळा त्याच्या डोक्यात २० गेज असतो. तपशीलात एकाच कंपनीचा माल बसेल असं काही दिसलं, तर टेंडरपूर्व बैठकीत लेखी हरकत घ्या. उघडल्यानंतर रडण्यात अर्थ नाही.

रेट काढताना

एक हिशेब मांडतो. आकडे सोपे घेतलेत.

समजा १० लाखांची ऑर्डर, वर १८ टक्के जीएसटी, म्हणजे बिल ११ लाख ८० हजारांचं. पत्रा-पाइप ६ लाख, त्यावर जीएसटी १ लाख ८ हजार. मजुरी आणि कोटिंग दीड लाख. भाडं-हमाली ६० हजार. माल दिला, बिल काढलं की पुढच्या महिन्यात जीएसटीचा फरक ७२ हजार भरायचाच. सरकारने पैसे दिले की नाही हे जीएसटीचा पोर्टल विचारत नाही. ऑर्डर मिळाल्यावर ठेवायची सुरक्षा अनामत ५ टक्के धरली तर ५० हजार. सगळे मिळून तुमचे १० लाख ४० हजार बाहेर गेले.

कागदावर राहतात १ लाख ९० हजार. बँकेची कॅश क्रेडिट, म्हणजे खेळत्या भांडवलाचं कर्ज, १२ टक्क्यांनी असेल तर महिन्याला सुमारे १० हजार ४०० रुपये व्याज. पैसे सहा महिन्यांनी आले तर ६२ हजार व्याजातच गेले, म्हणजे नफ्याचा तिसरा हिस्सा. कारखान्याचं भाडं, वीज, तुमचा स्वतःचा पगार अजून धरलेलाच नाही.

म्हणून रेट भरताना मी गिऱ्हाईक बघून महिने धरतो. ज्याचा पैसा वेळेवर येतो त्याला दोन महिन्यांचं व्याज, जिथे अनुदानाचं रडगाणं आहे तिथे आठ. आठ महिने धरून रेट बसत नसेल तर सोडून देतो. सोडलेल्या टेंडरने माझं आजवर कधी नुकसान झालेलं नाही.

जेमवर रिव्हर्स ऑक्शन, म्हणजे रेट खाली उतरवत जायचा ऑनलाइन लिलाव, लागला तर खालचा आकडा आधी कागदावर लिहून स्क्रीनशेजारी चिकटवा. समोर घड्याळ पळत असताना माणसाची अक्कलही पळते.

भरताना

महाटेंडर्सवर दोन लिफाफे असतात, तांत्रिक आणि आर्थिक. आर्थिक लिफाफ्यात बीओक्यूची, म्हणजे नग आणि रेटच्या तक्त्याची, एक्सेल फाइल पोर्टलवरून उतरवून, त्यात रेट भरून, तीच परत चढवायची. तिचं नाव बदलायचं नाही. नाव बदललं की निविदा बाद होऊ शकते. रेट जीएसटीसह मागितलाय की वगळून, हे रकान्याच्या डोक्यावर लिहिलेलं असतं, तिथेच अडखळायला होतं.

कागद १०० डीपीआयवर काळे-पांढरे स्कॅन करा. रंगीत, मोठ्या फाइल्स शेवटच्या तासाला चढत नाहीत. नेहमी लागणारे कागद पोर्टलच्या 'माय डॉक्युमेंट्स'मध्ये एकदाच टाकून ठेवा.

सगळं चढवल्यावर 'फ्रीझ' दाबावं लागतं. ते दाबून पोचपावती मिळत नाही तोवर निविदा भरलेली नाही. घड्याळ सर्व्हरचं धरतात, तुमच्या भिंतीवरचं नाही. शेवटच्या दिवसासाठी ठेवूच नका. आमच्याकडे एप्रिल-मे महिन्यात दुपारी लाइट कधी जाईल याचा नेम नसतो, आणि ४५ अंशात इन्व्हर्टरही मान टाकतो.

उघडल्यावर

तांत्रिक लिफाफा उघडल्यावर एखादा कागद कमी असेल तर खुलासा मागतात. दिवस थोडे मिळतात, म्हणून रोज सकाळी लॉगिन. बाद केलंच तर कारण लेखी मागा आणि जेमवर असाल तर तिथल्या तिथे म्हणणं मांडा. ती मुदत फार छोटी असते.

हरलात तरी फाइल बंद करू नका. ज्याला मिळालं त्याचा रेट बघा, तुमच्या हिशेबात तो बसतो का ते मांडा. माहिती अधिकारात तुलनात्मक तक्ता आणि पात्रतेचे कागद मागता येतात. मी दोन वर्षं फक्त हरलेल्या टेंडरांचे तक्ते जमवले. आपल्या भागात कोण कुठल्या मालात किती खाली जातो, हे त्यातूनच कळलं.

ऑर्डर हातात आली

अनामत आणि करारनामा दिलेल्या मुदतीत करा. करारासाठी आता ५०० रुपयांचा स्टॅम्प लागतो. ऑक्टोबर २०२४ पासून १००चा चालत नाही. अनामत बँक गॅरंटीने द्यायची असेल तर तिची मुदत वॉरंटी संपल्यानंतरही थोडी पुढे जाईल अशी घ्या.

मग नमुना. एक कॉट पूर्ण करा, अधिकाऱ्यांना दाखवा, मंजुरीची सही आणि सील त्या नमुन्यावरच घ्या, आणि तो नमुना शेवटचं बिल निघेपर्यंत विकू नका, हलवू नका. एकदा तपासणीला आलेल्या साहेबांनी मायक्रोमीटर काढला आणि पत्रा मोजला. आकडा जरा कमी दिसत होता. मी त्यांना सीलबंद नमुन्याजवळ नेलं आणि कोटिंग खरवडून दोन्हीकडे मोजायला लावलं. दोन्ही सारखे निघाले, वाद तिथेच मिटला. नमुना नसता तर २०० कॉट परत उचलायला लागल्या असत्या.

माल पाठवताना ई-वे बिल (जीएसटी पोर्टलवरचा वाहतुकीचा कागद, राज्यातल्या राज्यात एक लाखावर लागतं) आणि चलनाच्या चार प्रती. चलनावर तारीख, नग, 'माल सुस्थितीत मिळाला', सही, नाव, हुद्दा, शिक्का. यातलं एक जरी राहिलं तरी बिल परत येतं. निघायच्या आदल्या दिवशी घेणाऱ्याला फोन करून विचारा, "सर, उद्या शाळेवर असाल ना? शिक्का?" हसतील, पण असतील.

बिल

जेमवर माल पोचल्यापासून १० दिवसांत स्वीकृती प्रमाणपत्र आणि त्यानंतर १० दिवसांत पैसे, असा नियम आहे. प्रमाणपत्र निघालं नाही तर दहाव्या दिवशी पोर्टलवर तक्रार टाका, विसाव्या दिवशी नाही.

राज्याच्या कार्यालयात बिल आहरण व संवितरण अधिकाऱ्याकडून (कार्यालयाचे पैसे काढण्याचा अधिकार असलेल्या अधिकाऱ्याकडून) कोषागारात जातं, जिल्हा परिषदेत तिच्या वित्त विभागात. आक्षेप लागला तर कागद परत. माझा नियम : बिलासोबत ऑर्डर, करार, चाचणी अहवाल, चलनं, साठा नोंदवहीच्या नोंदीची प्रत, बँकेचा रद्द चेक, सगळं पहिल्याच दिवशी एका फाइलमध्ये, पान क्रमांक टाकून. आक्षेप काढायला जागाच ठेवायची नाही.

तारीख मात्र तुमच्या हातात नाही. ३१ मार्चला निधी परत जातो. फेब्रुवारीत माल पोचला तर बिल त्याच वर्षात बसायची आशा, मार्चच्या २५ला पोचला तर पुढच्या अनुदानाची वाट. म्हणून जानेवारीत निघालेली मोठी, छोट्या मुदतीची टेंडरं मी फार जपून घेतो.

अडीच लाखांवरच्या करारात सरकारी खातं २ टक्के जीएसटी टीडीएस कापतं. ते पैसे बुडत नाहीत, पण आपोआप येतही नाहीत. जीएसटी पोर्टलवर 'टीडीएस क्रेडिट रिसीव्हड' मध्ये जाऊन स्वीकारा, मग ते तुमच्या कॅश लेजरला येतात. माझे पहिल्या दोन वर्षांचे तसेच पडून होते.

पैसे अडले तर कायदा आहे. २००६च्या एमएसएमई कायद्याने सूक्ष्म-लघु उत्पादकाला जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे द्यायचे असतात. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट, मासिक चक्रवाढीने व्याज. अर्ज केंद्राच्या एमएसएमई खात्याच्या पोर्टलवर करायचा, तो सुलभीकरण परिषदेकडे, म्हणजे असे वाद सोडवणाऱ्या मंडळाकडे, जातो. परिषदेचा निकाल विरुद्ध गेला आणि कार्यालयाला कोर्टात जायचं असेल तर आधी ७५ टक्के रक्कम भरावी लागते. हे हत्यार खरं धारदार आहे. पण उद्यम नोंदणी पुरवठ्याच्या आधीची हवी, आणि उत्पादक म्हणून हवी. मी अर्ज एकदाच केला. त्याआधी दोन वेळा नुसतं कलम १५ आणि १६चा उल्लेख असलेलं सभ्य पत्र दिलं, त्याच्यावरच काम झालं. पत्राची पोच मात्र शिक्क्यासह घ्या.

आणि तो दुसरा प्रश्न, लाचेचा, जो सगळे हळू आवाजात विचारतात. भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्याच्या २०१८च्या दुरुस्तीनंतर लाच देणाराही गुन्हेगार आहे. जबरदस्तीने द्यावी लागली असेल तर सात दिवसांत कळवावं लागतं. लाचलुचपत खात्याचा फोन १०६४. ज्याची फाइल पूर्ण असते त्याला 'नाही' म्हणणं थोडं सोपं जातं, एवढं अनुभवाने सांगतो.

गिऱ्हाईक टिकवताना

पैसे मिळाले की लगेच काम समाधानकारक पूर्ण झाल्याचं प्रमाणपत्र मागा, ज्या साहेबांनी माल घेतला ते बदलून जायच्या आत. पुढच्या टेंडरला अनुभव म्हणून हाच कागद चालतो. वॉरंटीत कॉटचा वेल्ड सुटल्याचा फोन आला तर माणूस पाठवा, पन्नास किलोमीटर असलं तरी. वॉरंटी न पाळल्याची एक नोटीस काळ्या यादीपर्यंत जाऊ शकते, आणि मग प्रत्येक टेंडरला द्यायचं ते 'काळ्या यादीत नाही'चं शपथपत्र कसं लिहिणार?

दर महिन्याला कागदांच्या मुदती तपासा : डिजिटल सही, बीआयएस परवाना, चाचणी अहवाल, बँक गॅरंटी. पत्ता बदलला, मशिनरी वाढली तर उद्यममध्ये बदल करा.

अनामत रक्कम कुणी आठवणीने परत करत नाही. वॉरंटी संपल्याच्या दुसऱ्या दिवशी अर्ज द्यायचा. माझ्या टेबलाच्या काचेखाली एक कागद आहे, त्यावर कुठल्या कार्यालयात किती अनामत आणि कधी सुटणार, एवढंच लिहिलेलं असतं. सध्या सात ओळी आहेत. सगळ्यात वरच्या ओळीतली अनामत तीन महिन्यांपूर्वीच सुटायला हवी होती. उद्या सकाळी साडेदहाला त्याच कार्यालयात जाणार आहे, अर्जाची दुसरी प्रत घेऊन.